सातवं फूल

समजा बाळांनो, तुम्ही दहा वर्षांचे आहात. मास्तरांसाठी तुम्ही दोन फुलं नेलीत आणि मास्तरांनी त्यातलं एक तुमच्याच हातात परत ठेवलं. तुम्हाला राग आला असता की नाही?

ऋतिकाला आला.

"आवडलं नाही का, नाना?"

"आवडलं गं. पण रशियन शिकायचंय ना तुला? मग त्यांची रीतही शीक. तिथं माणसाला फुलं जोडीनं देत नाहीत. एक, तीन, पाच, सात. जोडी फक्त कबरीवर." नूर महंमद नाना हसायला लागले. "भिलाईच्या पोलाद कारखान्यात मी नवा फिटर होतो, तेव्हा आमच्या रशियन साहेबाला वाढदिवसाला चार गुलाब नेऊन दिले. त्याची बायको किंचाळलीच!"

आतून अमिनाबी म्हणाल्या, "साहेबाला चार गुलाब. मला पन्नास वर्षांत एक पाकळी नाही."

धरणगावच्या त्या गल्लीत रशियन येणारा माणूस एकच, म्हणून ऋतिका त्यांच्याकडे आली होती. तिचा भाऊ योगराज डॉक्टरकी शिकायला रशियात होता. जाताना तो पैज लावून गेला होता, "मी जूनमध्ये येईन तेव्हा वीसपर्यंत रशियनमध्ये मोजून दाखव. बर्फातले बूट आणतो तुला."

"धरणगावात बर्फातले बूट कुठं घालशील?" नानांनी विचारलं.

"गादीवर," ऋतिका म्हणाली.

नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यामुळे ते अक्षरं खडूने ओट्यावर हातभर मोठी काढत. आकडे मात्र फुलांनी शिकवत. ओट्याच्या कडेला पत्र्याच्या डब्यांत सदाफुली होती. ऋतिका एकेक फूल त्यांच्या तळहातावर ठेवी आणि मोजी, "अदीन, द्वा, त्री, चितीरे, प्यात, शेस्त, स्येम." चुकली की नाना मूठ मिटत. मग पुन्हा पहिल्यापासून.

चितीरेला ती महिनाभर अडखळली. नानांनी एकदाही आवाज चढवला नाही.

मे संपत आला. वीसपर्यंतचे आकडे पाठ झाले. आता नाना तिला दारात म्हणायचं वाक्य शिकवत होते, 'घरी ये, दादा.' योगराजच्या येण्याला बारा दिवस उरले होते. परीक्षेमुळे चार दिवस त्याचा फोन बंद होता, एवढंच.

त्या सकाळी ऋतिकाची आई सुनंदाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन ओट्यावर चढल्या. मागून ऋतिका आली, हातात वडिलांचा फोन घेऊन.

"तोंड गोड करा, नाना! मना योगराजना फोटो लावेल शे कॉलेजमा!"

"काय सांगते!"

"परीक्षामा पहिला उना व्हई. नहीतर कोन लावस फोटो?"

ऋतिकाने नीट सांगितलं. दादाच्या खोलीतल्या मित्राने पहाटे फोटो पाठवला होता. सोबत मजकूर काही नाही. कॉलेजचा मोठा दिवाणखान्यासारखा हॉल, त्यात टेबल, टेबलावर दादाचा पांढऱ्या कोटातला फोटो, काचेच्या चौकटीत. खाली त्याचं नाव.

"वाचलंस तू नाव?"

"उलट्या एनवर चंद्रकोर, मग गोल ओ..." ती सगळी अक्षरं बोलून गेली. "योगराज! माझं मी वाचलं, नाना. बाबांनासुद्धा वाचता आलं नाही."

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बावन्न वर्षांपूर्वी शिकलेली भाषा या ओट्यावर कोणाच्या तरी तोंडी रुजली होती.

"पोराचा बाप कुठं आहे, लोटन?"

"फ्लेक्स सांगाले ग्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "चौकात लावाना शे. आपला गावमा बोर्डात आलेल्या पोऱ्याचा लावतस ना, तसा. त्याले मी फोन लावा, पन लागत नही. परीक्षा सरनी, पोरं हिंडाले गयात व्हतीन." त्यांनी नानांच्या हातावर पेढा ठेवला, अमिनाबींना हाक मारून दुसरा दिला आणि त्या खाली उतरल्या. "बठ्ठी गल्ली बाकी शे अजून!"

नाना पेढ्याचा तुकडा मोडणार होते. पण शिकवणाऱ्याची खोड कुठे जाते?

"फोटोत आणखी काय आहे? मला दिसत नाही, तू सांग."

"काचेचा उंच पेला आहे. त्यात लाल फुलं आहेत. लांब दांड्याची."

"अरे वा. सत्काराची फुलं! किती आहेत? मोज. रशियनमध्ये."

ऋतिका त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली. फोनच्या काचेवर बोट ठेवत मोजू लागली.

"अदीन. द्वा. त्री. चितीरे. प्यात. शेस्त."

चितीरेला अडखळली नाही. नानांनी मान डोलावली आणि वाट पाहिली.

"पुढे? सात विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग?"

ऋतिकाचं बोट सहाव्याच फुलावर थांबलं होतं.

गल्लीत सुनंदाबाईंचा आवाज एका दारातून दुसऱ्या दाराकडे जात होता. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "नशीब काढलं बाई पोरानं!"

नानांच्या बोटांत पेढा तसाच राहिला.

"पुन्हा मोज, बेटा," ते म्हणाले. "सावकाश. एखादं मागे असेल."

तिने पुन्हा मोजलं. प्रत्येक दांडी वेगळी धरून, पेल्याच्या तळापासून वरपर्यंत. नाना तिच्या आवाजाकडे कान लावून होते. शेस्तला, तिसऱ्या जोडीवर, आवाज पुन्हा थांबला.

अमिनाबी दारात आल्या. "काय झालं? दोघं असे गप्प का?"

फोनची काच काळी पडू लागली, तसं ऋतिकाने बोट लावून ती उजळवली. मग ती उठली. कडेच्या डब्यातलं सदाफुलीचं एक फूल तिने देठासकट खुडलं आणि काचेवर, त्या लाल फुलांच्या शेजारी, अलगद ठेवलं.

"स्येम," ती म्हणाली.