केराचा नमुना

"आठ दिवस घर झाडू नका, मला धूळ हवीय," असं मी त्या बाईंना दवाखान्यातच दोनदा बजावलं होतं. त्यांच्या वर्षाच्या मुलीच्या रक्तात शिसं निघालं होतं. नवरा शेजारच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडतो. तिथलं शिसं घरात किती येतं, ते तपासायचं होतं.

नवव्या दिवशी गेले. दारात रांगोळी, फरशी लखलखीत, घरभर फिनेलचा वास.

"आठ दिवस कसेबसे काढले हो मॅडम," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही पहिल्यांदाच घरी येणार आणि घरात केर? मलाच कसंतरी झालं. सकाळी सगळं दोनदा पुसून घेतलं."

मी कपाटाखाली पाहिलं, पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवलं. काही नाही. बाई समाधानाने चहा टाकायला गेल्या.

तेवढ्यात नवरा कामाच्या कपड्यांतच मुलीला कडेवर घेऊन आला. तिने उजव्या मुठीत त्याचा शर्ट धरला होता, डावी मूठ तोंडात होती. मी ओल्या कापसाने दोन्ही तळहात पुसले.

उजव्या हाताचा कापूस काळा झाला. डावा हात स्वच्छ होता. तो तिने चाटून घेतला होता.