ऑकलंडला गेलेला पाटा

मोबाईलवर आपला पाटा दिसला आणि जयवंतीने फोन डोळ्यांजवळ नेला. ऑकलंडच्या कस्टमच्या गोदामात, एका लांबलचक स्टीलच्या टेबलावर तो ठेवला होता. भोवती पिवळी पट्टी लावली होती. हातमोजे घातलेली एक धिप्पाड बाई भिंगातून त्याच्यावरचे टाकीचे घाव बघत होती. वरवंट्याला वेगळं टेबल होतं. तिथे तो स्पंजाच्या गादीवर निजला होता.

फोन तिच्या मुलाने, प्रीतमने लावला होता. तो आणि त्याची बायको मेघाली न्यूझीलंडला राहत. आईने जहाजाने पाठवलेला पाटा घरी न्यायला दोघं गोदामावर गेले आणि तिथेच अडकले.

घोळ बोईसरला झाला होता. माल पाठवायचं काम घेतलेल्या केदारने, सामान काय आहे, असं विचारलं तेव्हा जयवंतीचे यजमान नरहरी छाती काढून म्हणाले की आमच्या पणजोबांच्या वेळचा दगड आहे, नुकतीच टाकी लावून घेतली आहे. केदारने इंग्रजीत लिहिलं, जुना कोरीव दगड. आता ती धिप्पाड बाई, म्हणजे तिथली अधिकारी, म्हणत होती की हा कुठल्यातरी देवळातला शिलालेख दिसतो. अशा वस्तू देशाबाहेर काढायला बंदी असते. हा पुढच्या जहाजाने भारतात परत जाईल.

केळव्याच्या घरी पडवीत सुपारी सोलत बसलेल्या नरहरींचा चेहरा उजळला. पाटा पाठवायला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. तो गेल्यापासून त्यांच्या पानात चटणी पडली नव्हती. ते फोनजवळ सरकले आणि म्हणाले, "पांडवांच्या वेळचा हाय म्हणून सांग तिला."

प्रीतमने ते इंग्रजीत सांगितलं नाही. जयवंती फोन घेऊन तडक वाडीत गेली आणि सुपारीच्या झाडाआड उभी राहिली. प्रीतम तिला समजावू लागला. या दगडावर आम्ही चटणी वाटतो, असं त्याने अधिकारीणबाईंना तीनदा सांगून पाहिलं होतं. त्यांना ते पटत नव्हतं. दाखवा वाटून, असं त्या म्हणत होत्या. आता ते कोण करणार? त्यापेक्षा जाऊ दे परत. आपल्याच घरी येईल, बिघडलं कुठे?

"प्रीतम," जयवंती म्हणाली, "तो पाटा माझ्या दारात परत येता कामा नाय."

तिचा आवाज कापत होता. मेघालीने तो ऐकला आणि तिला भरून आलं. खरं तर गेला महिनाभर ती नवऱ्याशी याच पाट्यावरून भांडत होती. एवढ्याशा फ्लॅटमध्ये हा धोंडा ठेवायचा कुठे, हा तिचा प्रश्न होता. पण सासूने घरातली पिढ्यान्‌पिढ्यांची वस्तू आपल्याला दिली, आणि ती आपल्यापर्यंत पोचावी म्हणून तिचा जीव इतका तुटतो आहे, हे पाहून तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने प्रीतमला जवळच्या गुजराती दुकानात पिटाळलं. नारळ, मिरच्या, लसूण आणि मीठ आलं. पाटा धुवून जमिनीवर ठेवला गेला. मेघालीने जीन्स दुमडली आणि गोदामाच्या फरशीवर बसकण मारली.

ती पालघरच्या बिल्डिंगमध्ये वाढलेली. पाट्याला तिने आयुष्यात हात लावला नव्हता. पहिल्याच रेट्याला वरवंटा निसटला आणि गडगडत सुटला. तीन अधिकारी एकदम मागे उडाले. शिलालेखाचा तुकडा निखळला असं वाटून एकाने तर डोळेच मिटले. जयवंती केळव्याहून शिकवू लागली. दोनी हातांनी धर. पुढे लोट, मागे ओढ. मनगटाने नाय गं, खांद्याने. हां. आता थोडं पाणी शिंपड. नारळ फरशीवर सांडला, मिरचीचा हात डोळ्याला लागला, मेघाली रडत रडत वाटत राहिली. शेवटी पाट्यावर हिरव्या चटणीचा एक ओबडधोबड गोळा जमला.

अधिकारीणबाईंनी बोटभर चटणी जिभेवर ठेवली. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी बाटलीभर पाणी रिचवलं, डोळे पुसले, थोडा वेळ शिलालेखाकडे पाहिलं आणि पुन्हा बोट बुडवलं. मग त्यांनी कागदावरचं जुना कोरीव दगड खोडून स्वयंपाकाचं साधन असं लिहिलं आणि शिक्का मारला. बाकीच्या अधिकाऱ्यांनी पाव मागवला होता.

मेघालीने फोन डोळ्यांसमोर धरला आणि हुंदका आवरत म्हणाली, "आई, आता हा पाटा मी कुठे जाऊ देणार नाही."

"नको देऊ गं बाय. जन्मभर ठेव," जयवंती म्हणाली. तिने पदराने डोळे टिपले.

ती पडवीत आली. नरहरींनी काय झालं ते तिच्या तोंडावरच वाचलं आणि सुपारीची परडी बाजूला सारली. सुनेवर इतका जीव असलेली सासू आपण कुठे पाहिली नाही, असं ते जरा रागाने, जरा कौतुकाने म्हणाले. जयवंती आत गेली, चांगलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन बाहेर आली आणि पायांत चपला सरकवल्या.

"उठा, पालघरला जायचंय," ती म्हणाली. "घरात पाटा हाय तर मिक्सर कशाला, असंच ना तुमी लग्नापासून म्हणता? आता पाटा नाय."