हात न टेकता

मिरजेच्या वृद्धनिवासात सकाळचा व्यायाम सुरू झाला. भिंतीवरच्या पडद्यात डॉ. उज्ज्वला रेगे पन्नाशीच्या होत्या, ताठ आणि करड्या आवाजाच्या. समोर खुर्चीत बसलेल्या, या व्यायामाला आज पहिल्यांदाच आलेल्या डॉ. उज्ज्वला रेगे ब्याऐंशीच्या होत्या.

"हात छातीवर घ्या. आता न टेकता उठा," पडद्यातली म्हणाली.

वाक्य त्यांचंच होतं. म्हातारपणातल्या व्यायामावर त्यांनी वर्षानुवर्षं टीव्हीवर कार्यक्रम केला आणि निवृत्त होताना आपला चेहरा, आवाज वाहिनीला देऊन टाकला. त्यातून वाहिनीने संगणकावर घडवलेली ही प्रतिमा तेव्हापासून घरोघरी माणसं बघून, त्यांच्याशी बोलून व्यायाम शिकवत होती, आणि शिकवता शिकवता स्वतःही शिकत होती.

उज्ज्वलाताईंनी जोर लावला. गुडघे थरथरले आणि त्या पुन्हा खाली बसल्या. आता काय ऐकावं लागणार ते त्यांना पाठ होतं, तेही वाक्य त्यांचंच होतं. जमत नाही म्हणू नका, आळस आहे तो!

"थांबा जरा, आजी," पडद्यातली हळू आवाजात म्हणाली. "हात टेका. टेकून उठलात तरी ते उठणंच आहे."

उज्ज्वलाताई बघतच राहिल्या. असं त्या कधीच कुणाला म्हणाल्या नव्हत्या.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"ज्यांना उठता आलं नाही त्यांनी. मी रागावले की ते मला बंद करायचे, आजी, आणि पुन्हा कधीच लावायचे नाहीत."

हॉलमधले बाकीचे तोवर उभे राहिले होते. उज्ज्वलाताईंनी व्यायामात पहिल्यांदाच उठण्यासाठी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले.