आमच्या मातीचं

हाराबाकोआ गावच्या पुष्पप्रदर्शनात यंदा फक्त मूळची डोमिनिकन मातीतली झाडं मांडायची, असा फतवा अध्यक्ष तेओफिलो यांनी काढला होता. मधोमध विराजमान होतं त्यांच्याच कॉफीच्या मळ्यातलं, पाचोळ्यात आपसूक उगवलेलं, ठिपकेदार पानांचं वीतभर ऑर्किड. त्याची कुंडी उचलून आणणारा विल्नेर त्याच मळ्यावरचा गडी.

"मालक, हैतीवाल्यांना धरून धरून सीमेपार धाडतायत. मी इथंच जन्मलो, एवढं तुम्ही ठाण्यात सांगा ना."

"जन्मून काय होतं रे? बाप हैतीचाच ना तुझा? कुत्री गोठ्यात व्याली म्हणून पिल्लांना कुणी वासरं म्हणत नाही."

तेवढ्यात राजधानीहून आलेल्या परीक्षक बाई कुंडीपाशी थबकल्या. "अहो, हे इथलं नाही. मूळचं आफ्रिकेतलं. आता साऱ्या बेटावर पसरलंय, पण तुमच्याच नियमानं बाद."

तेओफिलोंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "बाई, आजे-पणजे कुठले हे काय विचारता? बी इथं पडलं, आमच्या पावसावर वाढलं. आमच्याच मातीचं लेकरू ते!"

अध्यक्षांशी वाद कोण घालणार? बाईंनी पहिल्या बक्षिसाची फीत कुंडीला बांधली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेओफिलोंनी डोळेसुद्धा पुसले.

टाळ्या ओसरल्यावर विल्नेर त्यांच्या कानाशी वाकला.

"मालक, मागं एक कुंडी रिकामी आहे. मी उभा राहू का तिच्यात?"