उंदराचं प्रथिन

"आत्या, फ्रीजरात जागा करा, लवकर," प्रगती उंबऱ्यातनंच म्हणाली. तिच्या हातातल्या थर्माकोलच्या खोक्यातून पांढरा धूर निघत होता.

तिच्या सासूबाई, कुशाबाई, ओट्यापाशी मोदकांसाठी खोबरं खवत होत्या. संकष्टी होती. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी हात थांबवला.

"काय हाय त्यात?"

"धुरावनं तर आइस्क्रीम वाटतंय," सासरे कुंडलिकआबा ओसरीवरून म्हणाले.

औषध आहे म्हटलं असतं तर भागलं असतं. पण उपास धरलेल्या बाईशी खोटं बोलायला प्रगतीची जीभ वळेना.

"उंदराचं प्रथिन आहे."

"उंदराचं?"

"मग एक मांजर बी मागवा," आबा हसले. बाकी कुणी हसलं नाही.

कुशाबाईंच्या स्वयंपाकघरात जीव मारून केलेलं काही येत नसे. आबांच्या मोठ्या दुखण्यात धरलेला नेम होता तो. आबा बरे झाले, नेम सुटला नाही. आबांना अंडं खावंसं वाटलं, तर ते गोठ्यात बसून खात.

प्रगतीचा जीव टांगणीला लागला. बारामतीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा सुट्टीमुळे बंद होती, म्हणून कुरिअरवाल्यानं खोकं कऱ्हाटीला घरी आणून दिलं होतं. आतला कोरडा बर्फ संपत आलेला. प्रथिनाची बाटली तापली की वर्षभर मांडत आणलेलं काम जागच्या जागी बसणार. परदेशातून दुसरी येईपर्यंत तिची संशोधनाची मुदतच संपणार.

"शेजारच्या सरुबाईच्यात ठेव की," कुशाबाई म्हणाल्या. "तिच्यात मटण बी असतंय."

"त्यांचा फ्रीज पोरं दिवसभर उघडत असतात. आत्या, उंदीर नाही हो ह्यात. त्याच्या पेशीच्या पाठीवर हे प्रथिन असतं. त्याची नुसती कृती घेतली आणि दुसऱ्याच पेशींकडून भांड्यात बनवून घेतलं. ह्या बाटलीपायी एकही उंदीर मारलेला नाही."

कुशाबाईंच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. "आन करायचं काय त्याचं?"

"आबांना कॅन्सरवर सलाइनमधनं दिलं ना, तसलं औषध शोधायचंय. कॅन्सरची गाठ लई लबाड. आपल्या राखणदार पेशी आल्या की त्यांच्या खांद्यावर हात ठेवते, म्हणते, मी घरचीच हाय, जा तुमी. राखणदार माघारी जातात. तो हात म्हणजे हे प्रथिन. तो झटकायचा कसा, ते आधी ह्याच्यावर बघायचं."

"मग ह्यांचं औषध कशावर बघितलं हुतं?"

प्रगती अडखळली. खोक्यातला धूर आता विरळ झाला होता. एवढं एक उत्तर गाळलं असतं तर काम होत होतं.

"उंदरांवर."

"जित्या?"

"व्हय."

"मग ते उंदीर?"

प्रगतीनं मान खाली घातली. "गेले, आत्या."

ओसरीवर आबांचं हसणं कधीच थांबलं होतं. खोबऱ्याची वाटी तशीच ठेवून कुशाबाई आत वळल्या. संपलं, प्रगतीला वाटलं. बर्फासाठी कुणाची गाडी मिळते का बघायला तिनं फोन काढला.

तेवढ्यात आत डबे सरकवल्याचा आवाज झाला.

कुशाबाईंनी फ्रीजरातला मटार बाहेर काढला होता. खालचा कप्पा त्या ओल्या फडक्यानं पुसत होत्या, देवाचा पाट पुसावा तसा.

"बघत काय उभी राहिलीस? आण हिकडं."

प्रगतीनं बाटलीची डबी काढून त्यांच्या हातावर ठेवली. डबी गारठलेली होती, कुशाबाईंची बोटं आखडली. तरी त्यांनी ती लगेच आत सारली नाही. तोंडाजवळ नेली, दुसऱ्या हाताचा पंजा आडवा धरला आणि पुटपुटत काहीतरी सांगितलं. मग डबी आत ठेवली, दार लावलं आणि नीट लागलंय का ते दाबून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"काय मागितलंत, आत्या?" प्रगतीनं हळूच विचारलं.

"मागतीय कशाला? उपकार मानले." कुशाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "ह्यांच्या दुखण्यात दर संकष्टीला मोरगावला जाऊन गणपतीपुढल्या दगडी उंदराच्या कानात ह्यांचा जीव मागत हुते मी. देवानं दिला. कुणाचा दिला, ते आज कळलं."