गफ्फारची छाती

दर तीन महिन्यांनी नागपूरचे मोठे डॉक्टर बुलढाण्याला येत आणि तालुक्यांच्या डॉक्टरांना दवाखान्यात नवं काही शिकवत. निरोगी हृदय कसं वाजतं ते दाखवायला वॉर्डबॉय गफ्फारची छाती ठरलेली. आजही तो सदरा काढून बसला. त्याची बायको, खैरुन्निसा, वारली होती; तिचा चाळिसावा परवाच झाला होता.

मेहकरच्या डॉक्टरांनी नळी लावली आणि ते हसले. "दोन-दोन ठोके! काय गिळलं बे, गफ्फार?"

मग एकेकाने ऐकलं, आणि हसणं थांबलं. शेवटी इथल्याच दवाखान्यातले नारायणराव डॉक्टर वाकले. खैरुन्निसाला अखेरपर्यंत त्यांनीच तपासलं होतं.

"दुसरा ठोका तिचा आहे," ते कसंबसं म्हणाले. "तोच फुंकरीसारखा आवाज, तसंच अडखळणं."

"मले आयकू द्या न, साहेब. जित्ती होती तवा तिचं काळीज मी कधी आयकलंच नाही."

नारायणरावांनी नळी त्याच्या कानांत घातली. एक ठोका त्याचा होता, संथ. दुसरा नाजूक होता, अडखळत मागून येत होता.

"खैरू," गफ्फार हळूच म्हणाला, "आयकू येते का तुले?"

त्याचा ठोका संथच राहिला. दुसरा लगबगीनं धावत सुटला.