पासवर्ड कम्प्युटरच्या लक्षात होता

"आई, आता तरी सांग. ताईचा ईमेल काय होता?"

आईने सुरी बाजूला ठेवली, हात पुसले आणि पत्ता एका दमात सांगितला. मधल्या टिंबासकट.

धाकटी बघतच राहिली. स्वतःचा मोबाइल नंबर सांगतानाही आई दोनदा अडखळायची. "तुला बरा पाठ गं?"

"आई आहे मी. लिही."

ताईला घर सोडून सहा वर्षं झाली होती. चिठ्ठी नाही की फोन नाही. ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी घरातला कम्प्युटर भंगारात घातला. "या डबड्यानेच पोरगी बिघडवली," म्हणाले, आणि तिचं नाव टाकलं. ताई ज्या जुन्या साइटवर मित्रमैत्रिणींशी गप्पा मारायची, ती आता कायमची बंद होणार होती. त्याआधी आपापली खाती उघडून काय हवं ते काढून न्या, असं साइटवाल्यांनी जाहीर केलं होतं. धाकटीने ते वाचलं आणि तिच्या अंगात वारंच शिरलं. ताईच्या मित्रमैत्रिणींपैकी कुणाला तरी तिचा ठावठिकाणा माहीत असणारच. फक्त बाबा दुकानातून यायच्या आत काम उरकायला हवं होतं.

"पासवर्ड?"

"तो कम्प्युटरच्याच लक्षात असायचा. उघडलं की आपोआप आत."

"म्हणजे आता भंगारवाल्याला विचारायचं." धाकटीने 'पासवर्ड विसरलात?' दाबलं.

आई हसली नाही. "विसरलं तर परत मिळतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर..."

साइटने पहिला प्रश्न टाकला. आवडता रंग?

"राखाडी."

"ताईचा? राखाडीला ती उंदराचा रंग म्हणायची."

"तू लिही गं."

बरोबर निघालं. लहानपणीचं टोपणनाव?

"ठकी."

हे धाकटीने जन्मात ऐकलं नव्हतं, पण तेही बरोबर निघालं. तिला आईचं कौतुकच वाटलं. शेवटी शेवटी मायलेकींमधून विस्तव जात नव्हता. आईच्या "जेवलीस का"लाही ताई उत्तर द्यायची नाही. तरी बाईला लेकीची खडान्‌खडा माहिती.

पान उघडलं. फोटोच्या जागी ताई नव्हतीच, रस्त्याकडेचं एक फूल होतं. नाव, रानफूल. वय, वीस. मैत्रिणींमध्ये एकच चेहरा होता, ताईचा.

"आई, हे ताईचं नाहीये. ही कोण बया?"

धाकटीने निरोप उघडले. ढीगभर होते. ताईने लिहिलं होतं, 'रानफूल, या घरात भिंतींशी बोलावं लागतं. तू आहेस म्हणून निभतंय.'

खाली रानफूलचं उत्तर होतं, 'जेवलीस का?'

धाकटीची बोटं थांबली.

"माझ्याशी ती बोलत नव्हती," आई म्हणाली. "हिच्याशी बोलायची."

सगळ्यात वर एक निरोप न वाचलेला होता, ताई गेली त्याच आठवड्यातला. आईला अक्षरं दिसेनात, म्हणून धाकटीनेच तो वाचून दाखवला.

'पोचले. एकटी आहे आणि फार भीती वाटतेय. आईला फोन करू का? तू हो म्हण, लगेच करते. तुझं उत्तर आलं नाही तर समजेन, करू नये.'